परदेशी न्यायच्या खाऊचे पॅकिंग: पंचवटीतील एका सेवेबद्दल

नाशिकहून परदेशी निघालेल्या माणसाला पासपोर्ट, व्हिसा, प्रवासविमा आणि परकीय चलन यांबद्दल सल्ला देणारी माणसे पावलोपावली भेटतात. बॅगेतली निम्मी जागा व्यापणारा खाऊ मात्र बहुतेक घरांत शेवटच्या रात्री, वर्तमानपत्राची रद्दी, रबरबँड आणि चिकटपट्टी यांच्या भरवशावर बांधला जातो. पंचवटीत मालेगाव स्टँडवरून गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतरताना आतल्या एका गल्लीत हेच काम व्यवसाय म्हणून करणारे एक छोटे दुकान आहे. एक मावशी आणि त्यांची सून मिळून ते चालवतात. तिथे काही पदार्थ त्यांचे स्वतःचे विकत मिळतात आणि आपण घरून नेलेले पदार्थही पॅक करून मिळतात. आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेला जाण्यापूर्वी ही सेवा घेतली, त्याआधी पुतण्या दुबईला नोकरीसाठी गेला तेव्हाही घेतली होती. दोन्ही अनुभवांवरून माझे मत असे झाले आहे की, या दुकानाचे खरे मोल त्यांच्या व्हॅक्यूमच्या यंत्रापेक्षा त्यांच्या नकारांत आहे.

पिशवी काउंटरवर ठेवण्याआधीच मावशी विचारतात, “ताई, जायचंय कुठल्या देशात?” उत्तर मिळाल्याखेरीज त्या पिशवी उघडत नाहीत. काउंटरमागच्या भिंतीवर त्यांनी देशवार याद्या मराठीत, स्वच्छ अक्षरांत लिहून लावलेल्या आहेत आणि नियम बदलला की त्यावर नव्या कागदाची पट्टी चिकटवली जाते. सूनबाई त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर नियम पाहतात आणि शंका असेल तर ग्राहकाच्या मोबाइलवर तेच पान उघडून देऊन “हे तुम्ही स्वतः वाचा” असे सांगतात. ही पद्धत मला फार आवडली, कारण विमानतळावर जबाबदारी अखेर प्रवाशाचीच असते आणि ती त्याला आधीच समजलेली बरी.

आमच्या पिशवीतून सर्वांत आधी बाहेर निघाला तो इंद्रायणी तांदूळ. इगतपुरीकडचा नवा इंद्रायणी मुलीला पाठवायचा, ही आपल्याकडच्या अनेक आईवडिलांची इच्छा असते, आणि मऊ भात तिकडच्या दुकानात मिळणाऱ्या तांदळाचा होत नाही हेही खरे. परंतु भारतातून प्रवासी सामानात तांदूळ नेण्यास अमेरिकेत मनाई आहे, हरभऱ्यालाही आहे. कारण आहे खापरा भुंगेरा. ही कीड साठवलेल्या धान्याचा फडशा पाडते, तिच्या अळ्या पोत्यांच्या शिवणींत आणि भिंतींच्या भेगांत दडून अन्नावाचून वर्षानुवर्षे तग धरू शकतात, आणि एकदा गोदामात शिरलेली कीड बाहेर काढणे अतिशय अवघड जाते. मावशींनी हे कारण शेतकऱ्याच्या घरातल्या बाईने सांगावे तसे सांगितले, त्यामुळे ऐकताना नियमाचा राग आला नाही. ज्याच्या घरी कणगीतले धान्य किडले आहे, त्याला दुसऱ्याच्या कोठाराची काळजी समजते. तांदूळ त्यांनी वजन करून परत पिशवीत बांधून दिला आणि त्याबद्दल एक पैसाही घेतला नाही.

कढीपत्त्याचेही तसेच. तो लिंबू-संत्र्याच्या कुळातला असून त्या झाडांच्या विनाशकारी रोगाचा प्रसार करणारी कीड कढीपत्त्यावर वाढते, म्हणून अमेरिकेत त्याची पाने नेता येत नाहीत. आईच्या हातची पाने सावलीत वाळवून डब्यात भरून द्यायची आपल्याकडे पद्धत आहे, ती इथे थांबते. दुकानाचा स्वतःचा पातळ पोह्यांचा चिवडा अमेरिकेच्या ग्राहकासाठी सांगितल्यास कढीपत्ता वगळून केला जातो. चवीत थोडा फरक पडतो, मात्र हिंग आणि मिरचीने तो बराचसा भरून निघतो.

खरी कसोटी आखाती देशांच्या बाबतीत लागते, आणि या ठिकाणी दुकानाने आमच्या कुटुंबावर मोठेच उपकार केले. पुतण्याच्या सामानात वहिनींनी अनारसे दिले होते. अनारशाच्या एका बाजूला खसखस असते, आणि खसखस ही संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर येथे प्रतिबंधित आहे. अफूच्या झाडाचे बी म्हणून तिकडे तिच्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याच्या नजरेतून पाहिले जाते आणि अजाणता नेली हे सांगून सुटका होईलच असे नाही. अनारसे तर दिसतात, म्हणून आठवणीने काढता येतात. मावशींनी त्यापुढे जाऊन काळ्या मसाल्याची पिशवी हातात घेतली आणि विचारले, “यात खसखस भाजून घातलीय का?” आपल्याकडे अनेक घरांत कांदा, खोबरे, तीळ आणि खसखस भाजूनच काळा मसाला कुटला जातो. वहिनींनी घातली होती. मसाला परत आला आणि दुकानाच्या स्वतःच्या, खसखस न घातलेल्या मसाल्याचे पाकीट पुतण्याबरोबर गेले. ज्या गोष्टीचा घरात कुणाच्याच मनात विचार आला नव्हता, ती एका प्रश्नात सापडली. पॅकिंगचे यंत्र कुणीही विकत घेऊ शकतो, परंतु हा प्रश्न विचारायला पदार्थही माहीत असावा लागतो आणि नियमही.

ब्रिटन आणि युरोपीय संघातील देशांसाठी त्या पेढे, बर्फी, खवा, पनीर आणि तूप स्वीकारत नाहीत, कारण भारतातून प्रवासी सामानात दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांकडून अख्खे धने, जिरे, तांदूळ आणि हरभरे काढून घेतले जातात, तिथेही खापरा भुंगेऱ्याचेच कारण आहे. न्यूझीलंडला निघालेल्या मुलांना तर मावशी बजावून सांगतात की, खाण्याची प्रत्येक वस्तू तिकडच्या प्रवेशअर्जात लिहायची. जोखमीची वस्तू न सांगता नेल्यास तिथे जागेवरच 400 न्यूझीलंड डॉलर दंड होतो. वस्तू नियमात बसत नसेल पण आपण ती जाहीर केली असेल, तर बहुधा ती फक्त काढून घेतली जाते. लपवणे आणि चुकून नेणे यांतला फरक अधिकाऱ्याला अर्जावरूनच कळतो, हे त्यांचे वाक्य परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष पॅकिंगकडे वळते. दुकानात झाकण असलेले व्हॅक्यूम यंत्र आहे. त्यात पिशवी पूर्ण आत ठेवून झाकण दाबले की सगळ्या कप्प्यातली हवा खेचली जाते आणि मग पिशवीचे तोंड तापलेल्या पट्टीखाली चिकटते. घरगुती छोट्या यंत्रापेक्षा याने बसणारी शिवण रुंद असते. परंतु सगळे पदार्थ व्हॅक्यूममध्ये घालायचे नसतात, हे इथे गेल्यावर नीट समजले. चिवडा, शेव, चकली, पापड यांतली हवा खेचली तर त्यांचा चुरा होतो. ते पदार्थ हवा ठेवूनच जाड पाउचमध्ये सील केले जातात आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात उभे लावले जातात. नागलीचे पापड चळत करून, वर-खाली पुठ्ठ्याच्या चकत्या घालून, आधी दोऱ्याने बांधतात आणि मग पाउचमध्ये ठेवतात. खुरासणीची आणि शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी असले कोरडे पीठूळ पदार्थ व्हॅक्यूममध्ये उत्तम बसतात, पण हवेबरोबर त्यांची पूड वर उडून शिवणीत अडकते आणि सील कच्चे राहते. त्यासाठी सूनबाई पिशवीत पीठ भरल्यावर वर टिश्यू कागदाची घडी ठेवतात, पिशवीच्या तोंडाची आतली बाजू कोरड्या कापडाने दोनदा पुसतात आणि मगच झाकण लावतात. सील झाल्यावर प्रत्येक पिशवी हातात घेऊन, अंगठ्याने शिवणीवर दाबत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासली जाते. गर्दी असतानाही हे टाळलेले मी पाहिले नाही. भाजणीची एक पिशवी तपासताना शिवणीत केसाएवढी सुरकुती सापडली, तेव्हा ती कापून नव्या पाउचमध्ये पुन्हा भरली गेली.

लोणच्याचा प्रश्न तेलामुळे अवघड असतो. तेलाचा थेंब शिवणीवर लागला की सील धरत नाही, म्हणून लोणचे पाउचमध्ये न घालता रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीत, तोंडावर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवून, झाकण फिरवून आणि बाहेरून दोन पिशव्यांत गुंडाळून देतात. नाशिकची माणसे सामान गाडीच्या डिकीत टाकून मुंबईला जातात. पूर्वी कसारा घाटातून आणि जून 2025 पासून इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर बोगद्यातून. रस्ता सुधारला, तरी उन्हाळ्यातली तापलेली डिकी तीच आहे, आणि गरम झालेले तेल झाकणाच्या आट्यांतून वाट काढतेच. बरणी गळ्यापर्यंत न भरता वर दोन बोटे जागा ठेवण्याचा त्यांचा आग्रह त्यासाठी आहे. आमची आंब्याच्या लोणच्याची बरणी मुलीच्या स्वयंपाकघरात उघडली तेव्हा बाहेरची पिशवी कोरडी होती.

ज्या नकाराबद्दल ग्राहक सर्वांत जास्त नाराज होतात, तो पुरणपोळीचा. मी तिथे असताना एका तरुणाने आईने केलेल्या पुरणपोळ्या व्हॅक्यूम करून मागितल्या आणि मावशींनी शांतपणे नाही म्हटले. तो म्हणाला की दुसरीकडे करून मिळतात. मिळत असतील. पण हवा काढून घेणे म्हणजे पदार्थ टिकवणे नव्हे. ओलसर, आंबट नसलेल्या पदार्थात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढू शकतो. त्याला वाढायला हवा नसलेली जागाच लागते आणि त्याचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करून जिवावर बेतू शकते. वाईट हे की, अशा अन्नाला वास येईलच किंवा चव बदलेलच असे नाही. पुरणपोळी, ओल्या नारळाच्या करंज्या, उकडीचे मोदक, खव्याच्या पोळ्या हे पदार्थ विमानाच्या पोटात, नंतर जोडविमानाच्या प्रतीक्षेत, बंद पिशवीत आणि थंडाव्याशिवाय दीड-दोन दिवस राहणार असतील, तर ते व्हॅक्यूममध्ये घालणे हा धोका आहे. मावशींनी त्या मुलाला पुरण तिकडे गेल्यावर शिजवण्यासाठी गुळाची पावडर आणि वेलची-जायफळाची पूड बांधून दिली आणि पोळ्या निघण्याआधी घरीच खाऊन घ्या असे सांगितले. गिऱ्हाईक गमावण्याची तयारी ठेवून दिलेला हा सल्ला माझ्या दृष्टीने या दुकानाला पूर्ण गुण देण्याइतका मोठा आहे.

खोबऱ्याबद्दल वेगळी सूचना मिळते. खोबऱ्याची अख्खी वाटी विमानात चालत नाही. तेलाचे प्रमाण जास्त असल्याने ते ज्वलनशील मालात मोडते आणि आपल्याकडच्या विमानतळांवर तपासणीत हमखास बाहेर काढले जाते. देवाचे म्हणून किंवा ओटीचे म्हणून बॅगेत टाकलेली वाटी मुंबईला बॅग उघडायला लावते. हातातल्या बॅगेत तूप, लोणचे, ओली चटणी 100 मिलीलिटरच्या मर्यादेत येतात हे बहुतेकांना ठाऊक असते, पण अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत 350 मिलीलिटरहून जास्त पूड हातातल्या बॅगेत असली तर तिची वेगळी तपासणी होऊ शकते, हे फारसे माहीत नसते. मेतकूट, भाजणी आणि नागलीचे सत्त्व म्हणूनच मोठ्या बॅगेत घालायचे.

लेबलच्या बाबतीत या दुकानाचा प्रामाणिकपणा विशेष नोंदवावासा वाटतो. त्यांच्या स्वतःच्या पदार्थांवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांक, घटक, पॅकिंगची तारीख, शाकाहाराचे हिरवे चिन्ह असे सर्व छापलेले असते. आपण घरून नेलेल्या पदार्थावर मात्र तो क्रमांक लावून मिळत नाही. माझ्या पुढच्या ग्राहकाने त्यासाठी जादा पैसे देऊ केले होते, तरीही नाही. घरच्या पदार्थावर ते “घरगुती” असे स्पष्ट लिहून इंग्रजीत पदार्थाचे सोपे वर्णन, घटक आणि तारीख छापून देतात. ‘मेतकूट’ एवढेच लिहिलेली पिवळी पूड परदेशी अधिकाऱ्याला काहीच सांगत नाही, ‘भाजलेल्या डाळी, तांदूळ आणि मसाल्यांचे पीठ’ असे इंग्रजीत लिहिले की प्रश्न एका वाक्यात मिटतो. सगळ्या पदार्थांची क्रमवार यादी दोन प्रतींत मिळते, एक बॅगेत ठेवायला आणि एक हातात. शिकागोला उतरल्यावर खाण्याचे काही आहे का, या प्रश्नाला आम्ही हो म्हटले आणि ती यादी पुढे केली. अधिकाऱ्याने ती वाचली, बिया किंवा मांस नाही ना असे विचारून खात्री केली, एक पाउच वर काढून पाहिला आणि आम्हाला जाऊ दिले.

आता उणिवांकडे. लेबल ज्या यंत्रावर छापतात, ते उष्णतेने अक्षरे उमटवणारे आहे. असल्या कागदाला तेल किंवा ऊन लागले की अक्षरे फिकी पडतात. आमच्या शेंगदाणा चटणीच्या आणि मसाल्याच्या पाउचवरची अर्धी अक्षरे प्रवासात उडाली होती. हातातल्या यादीमुळे निभावले, पण जिथे यादी कुणी वाचणार नाही तिथे अडचण होऊ शकली असती. परतल्यावर मी हे सांगितले तेव्हा सूनबाईंनी ऐकून घेतले, परंतु शाईने छापणारे यंत्र सध्या परवडत नाही असे त्यांचे म्हणणे पडले. तोवर लेबलवर पारदर्शक चिकटपट्टी लावून मागावी, ती मागितली तरच लावतात.

दुसरी उणीव वेळेची. आधी वेळ ठरवून देण्याची सोय नाही. जुलै-ऑगस्टमध्ये शिकायला जाणाऱ्या मुलांची आणि दिवाळीच्या आगेमागे सगळ्यांचीच अशी रांग लागते की, सकाळी दिलेले सामान संध्याकाळी उशिरा मिळते. दुकानात बसायला दोनच खुर्च्या आहेत आणि गल्लीत चारचाकी आणणे म्हणजे सगळ्यांनाच त्रास. वयस्कर माणसांनी कुणाला तरी सोबत न्यावे. पावती मिळते, पण तीत एकूण रक्कमच असते, कोणत्या पाउचचे किती हे लिहिलेले नसते, ते विचारून घ्यावे लागते.

दर मला रास्त वाटले. अर्धा किलोच्या व्हॅक्यूम पाउचला 20 रुपये, एक किलोच्या पाउचला 30 रुपये, बरणी आणि तिचे सील मिळून 60 रुपये, लेबल आणि यादी विनामूल्य. शेवटी सगळे सामान काट्यावर ठेवून खोक्याचे वजन लिहून देतात, ही छोटी सोय फार कामाची आहे. अमेरिकेच्या बहुतेक तिकिटांवर एका बॅगेला 23 किलोची मर्यादा असते, आणि बहुतेक विमान कंपन्या एक बॅग 32 किलोच्या वर घेत नाहीत, मग जादा पैसे भरायची तयारी असली तरी. खोक्याचे वजन आधीच कळले की कपड्यांना किती जागा उरली हे घरी बसून ठरवता येते आणि विमानतळाच्या फरशीवर बॅग उघडून बसावे लागत नाही. खाऊ दोन्ही बॅगांत विभागून ठेवा, असेही त्या आठवणीने सांगतात, म्हणजे एक बॅग मागे राहिली तरी सगळेच अडकत नाही.

ज्यांना फक्त एखादा किलो चिवडा न्यायचा आहे, त्यांनी मेन रोडवरच्या कुठल्याही चांगल्या दुकानातले बंद पाकीट घ्यावे, त्यासाठी इथे यायची गरज नाही. घरचे मसाले, चटण्या, भाजणी, लोणचे न्यायचे असेल, किंवा आखाती देश, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांपैकी कुठे जायचे असेल, तर प्रवासाच्या निदान आठवडाभर आधी, मधल्या वारी, सकाळी दुकान उघडताच जावे. सोबत तिकिटाची प्रत न्यावी, कारण मधला थांबा कोणत्या देशात आहे हेही त्या पाहतात, आणि मसाला घरी केला असेल तर त्यात काय काय घातले आहे ते कागदावर लिहून न्यावे.